दुसरा खड्डा

"ताई, हे जरा बघता का? मला एकटीला दिसतंय की खरंच आहे, तेवढंच सांगा."

रंजना सिडाम उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून माझ्या टेबलाशी उभी होती. सकाळचे अकरा वाजत आले होते आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

पडद्यावर एका ताऱ्याच्या उजेडाचा आलेख होता. हजारो ठिपक्यांची आडवी पट्टी, आणि मधोमध एक खड्डा. आमच्या गटात सगळे त्याला खड्डाच म्हणायचे. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह काही दिसत नाही. पण तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गेला, तर तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो, आणि ग्रह सरकला की पूर्ववत होतो. ठरावीक दिवसांनी तसाच खड्डा पुन्हा पुन्हा आला, की तिथे काहीतरी फिरतंय असं समजायचं. पुण्यातल्या आमच्या संस्थेची हिमालयात एक छोटी दुर्बीण होती. ती साडेचार हजार ताऱ्यांचा उजेड मोजत राहायची आणि आम्ही इथे दिवसा खोलीत बसून त्यात खड्डे शोधायचो. चार वर्षांत एकही ग्रह मिळाला नव्हता.

"चार दिवस सात तासांनी येतो," रंजना म्हणाली. "एकवीस वेळा मिळाला मला. एकवीस!"

"जोडतारा असेल. दोन तारे एकमेकांना झाकतात तेव्हाही असंच दिसतं."

"ते पाहिलं. मग एकाआड एक खड्डे कमीजास्त खोल आले असते. हे सगळे सारखे आहेत. शेजारच्या ताऱ्याचा उजेड मिसळलाय का, तेही पाहिलं. पंधरा दिवस झाले ताई, मग तुमच्याकडे आले."

ती सिंदेवाहीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली. वडील वनरक्षक. घरात कॉलेजला गेलेली ती पहिली, आणि पीएचडी झालेली बहुधा तालुक्यात पहिली. तीन वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होती, आम्ही डबा एकत्र खायचो.

"बाबा म्हणतात, नोकरीत वाघ समोर आला तो सात-आठ वेळा. पण त्याचे पगमार्क, पायाचे ठसे, रोज पाहिले," ती हसत म्हणाली. "मॅडमना आजच सांगू ना?"

मी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. तो तारा क्रमांक ४४१७ होता, आणि त्यातला तो खड्डा मी खणला होता.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गटप्रमुख, डॉ. वसुधा केळुसकर, यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "चार वर्षं शोधतोय आपण," मॅडम म्हणाल्या. "ग्रह नाहीत म्हणून सापडत नाहीत, की आपल्याला दिसत नाहीत? शलाका, एक खोटा ग्रह डेटात घाल. कुठल्या ताऱ्यात, किती दिवसांचा, ते मलासुद्धा सांगू नकोस. कागदावर लिही, पाकीट बंद कर आणि माझ्या कपाटात ठेव. बघू कोणाला सापडतो."

ही काही चेष्टा नव्हती. जगभर अशा चाचण्या करतात. मॅडमनी पुढे आणखी एक सांगितलं होतं. "ज्याला सापडेल तो आधी तुझ्याकडेच येईल, डेटा तुझ्या ताब्यात आहे. आला की त्याच दिवशी मला कळव. पाकीट उघडू, त्याची पाठ थोपटू, विषय संपला. कोणाला त्या भ्रमात दुसरा दिवस ठेवायचं नाही."

रंजना आणि दोन विद्यार्थी, अशा तिघांत तारे वाटलेले होते. कोणाच्या यादीतला तारा घ्यायचा, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं. मी चिठ्ठी टाकली नाही. रंजनाच्या यादीतला घेतला, कारण शोधेल तर तीच, हे मला माहीत होतं. संस्थेत एक कायमची जागा निघाली होती, तिची जाहिरात या चाचणीच्या पंधरा दिवस आधी लागली होती. अर्ज आम्हा दोघींचा होता. ती एकोणतीस वर्षांची होती. मी छत्तीस वर्षांची होते आणि दर वर्षी तात्पुरत्या नेमणुकीची मुदत वाढवून घेत होते. तारा निवडताना माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

"ताई? मॅडमना सांगू ना?"

"आत्ता नको," मी म्हणाले. "मॅडमना अर्धवट काही आवडत नाही. सहा आठवड्यांनी वार्षिक आढावा आहे. बाहेरची समिती येणार. तोपर्यंत सगळं पक्कं कर आणि एकदम त्यांच्यासमोरच मांड."

"पण नियम आहे ना, सापडलेलं तपासून झालं की आठवड्याच्या आत मॅडमना…"

"मला दाखवलंस ना? मग झालं की."

तिने लॅपटॉप मिटला आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी तिला मध्येच धरलं.

ते सहा आठवडे ती जमिनीवर चालत नव्हती. आधी तिने खड्ड्याच्या खोलीवरून ग्रहाचा आकार काढला, गुरूपेक्षा किंचित लहान. मग अंतर काढलं. मग तापमान. रोज जेवताना एकेक आकडा घेऊन यायची.

"हजार अंश निघालं, ताई."

"म्हणजे तिथे काही जगणार नाही."

"नाही जगलं तर नाही. आहे ना तो, बस्स झालं."

हे सगळे आकडे मीच एका दुपारी, चहा घेता घेता, मनाला येईल तसे ठरवले होते. ती तेच मला शोधून दाखवत होती आणि प्रत्येक आकडा बरोबर येत होता. तिच्याइतकं चोख काम आमच्या गटात कोणी करत नव्हतं. मीसुद्धा नाही.

आढाव्याच्या आदल्या आठवड्यात तिने तिचं भाषण मला तपासायला दिलं. इंग्रजीची तिला धास्ती होती. तिने जागोजागी 'असावा', 'वाटते', 'शक्यता आहे' असं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर 'डेटातील दोष अजून पूर्णपणे नाकारता येत नाही' असं एक वाक्य होतं.

"हे सगळं काढ," मी म्हणाले. "घाबरल्यासारखं वाटतं. ठाम बोल. 'आम्हाला ग्रह सापडला आहे', असं म्हण."

"एवढं ठाम?"

"आकडे बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

मी स्वतः पेन घेतलं आणि शेवटच्या पानावरचं ते वाक्य खोडलं.

आढाव्याला तिने वडिलांना बोलावून घेतलं. भाऊजी सिडाम रात्रभर गाडीत बसून आले होते. काळसर, काटक माणूस, पांढरा शर्ट, पायात नवे बूट. ते शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. रंजना बोलायला उभी राहिली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि पूर्ण वेळ ते तसेच ठेवले.

ती फार छान बोलली. समितीतले तिघे पुढे सरकून बसले. दिल्लीहून आलेल्या प्राध्यापकांनी दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरं दिली. मी मॅडमकडे बघत होते. तारा क्रमांक पडद्यावर आला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना क्रमांक माहीत नव्हता, पण चार वर्षांत काही नाही आणि आज अचानक एवढा स्वच्छ ग्रह म्हटल्यावर त्यांनी काय ते ओळखलं. भाषण संपलं. टाळ्या व्हायच्या आत त्या उठल्या.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन पाकीट घेऊन आल्या.

त्यांनी ते सगळ्यांसमोर फोडलं आणि माझ्या अक्षरातला कागद वाचला. तारा ४४१७, चार दिवस सात तास, खोली एक टक्का. मग त्यांनी समितीला चाचणीची सगळी हकीकत सांगितली. प्राध्यापक मोकळेपणाने हसले. "म्हणजे तुमची पद्धत उत्तम चालते! एवढंच की ग्रह नाही." बाकीचे दोघेही हसले.

रंजना पडद्याजवळ उभी होती. तिच्या मागे तो खड्डा अजून दिसत होता.

"तुला हा कधी सापडला?" मॅडमनी विचारलं.

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत! आणि आज सांगतेस? आठवड्याच्या आत सांगायचं हा नियम कशासाठी केलाय? श्रेय दुसरा कोणी घेईल म्हणून सहा आठवडे दाबून ठेवलंस? कोणालाच दाखवलं नाहीस?"

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली. मला वाटतं पाच-सहा सेकंद थांबली असेल.

मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत राहिले.

"शलाका, तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, काही सापडलं तर ती तुम्हाला सांगेलच," मी म्हणाले.

हे खोटंही म्हणता येणार नाही असं वाक्य होतं. मॅडमनी त्याचा अर्थ मला माहीत नव्हतं असाच घेतला, मान हलवली आणि समितीची माफी मागितली. रंजनाने वायर काढली, लॅपटॉप उचलला आणि जाऊन वडिलांच्या शेजारी बसली.

जेवणाच्या सुट्टीत भाऊजी मला कॅन्टीनच्या दाराशी भेटले. भाषण इंग्रजीत होतं, त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. हसणं मात्र कळलं होतं.

"पोरीचं काई चुकलं का जी?"

"नाही काका. अशी परीक्षा घेतात कधीकधी. तिचं गणित एकदम बरोबर होतं."

"मंग हासले काहून?"

मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी तो बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "तुमी हाय म्हून माले घोर नाई," ते म्हणाले. "फोनवर सारखी तुमचंच सांगते, ताई असं म्हन्ते, ताई तसं म्हन्ते. जरा ध्यान ठेवा जी तिच्यावर." आणि माझ्यासारख्या मुलीच्या वयाच्या बाईला त्यांनी वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

पुढचे तीन आठवडे रंजना नेमाने येत होती. आढाव्याबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. डबा आम्ही एकत्रच खात होतो. मुलाखत चार दिवसांवर आली तेव्हा एका सकाळी ती पुन्हा माझ्या टेबलाशी उभी राहिली. या वेळी लॅपटॉप नव्हता, एक छापलेला कागद होता.

"ताई, तुम्ही ४४१७ मध्ये एकच टाकला होता ना?"

"का?"

"मी तुमचा खड्डा वजा केला. शिकायला म्हणून, आपलं कुठे चुकलं बघावं. तो काढल्यावर खाली दुसरा आहे. उथळ. नऊ दिवस दोन तासांनी येतो. अकरा वेळा मिळाला."

मी कागद घेतला. खड्डा लहान होता, ठिपक्यांत जवळजवळ बुडालेला, पण होता. कडा गोलसर होत्या. मी घातलेल्या खड्ड्याच्या कडा इतक्या खऱ्या दिसत नव्हत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. हा मी टाकला नव्हता. कोणीच टाकला नव्हता.

चार वर्षांत आमच्या दुर्बिणीला मिळालेला पहिला खरा ग्रह, मी आंधळेपणाने निवडलेल्या ताऱ्यात, माझ्या खोट्या ग्रहाखाली दडलेला होता. आणि चार दिवसांनी ती हा कागद घेऊन मुलाखतीला बसणार होती.

"अगं, ती माझी चाचणी होती," मी म्हणाले. "आधी एक उथळ टाकून पाहिला, प्रोग्रॅम नीट चालतो का ते बघायला. काढायचा राहिला वाटतं."

"पाकिटात लिहिलं नव्हतं."

"चाचणीचं काय लिहायचं पाकिटात?"

"म्हणजे नऊ दिवसांचाही तुम्हीच टाकला?"

"मीच."

तिने माझ्या हातातला कागद परत घेतला. "दुर्बिणीकडून आलेल्या डेटाची मूळ टेप काढून पाहिली तर…"

"टेप काढायला मॅडमची सही लागते. जाऊन सांग त्यांना, ४४१७ मध्ये अजून एक ग्रह सापडलाय म्हणून."

हे मी हसत म्हणाले. तीही हसली, अगदी किंचित. कागदाची घडी घातली आणि आपल्या जागेवर गेली. दुपारी जेवताना तिने मला तिच्याकडची जवसाची चटणी वाढली.

मुलाखतीच्या दिवशी तिचं नाव पुकारलं तेव्हा ती आली नव्हती. टेबलाचे कप्पे रिकामे होते. राजीनामा तिने मॅडमच्या दाराखालून सरकवला होता. मॅडमना फार वाईट वाटलं. "मी जरा जास्तच बोलले का गं तिला?" त्या मला दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही मॅडम, ती मुळातच हळवी होती."

जागा मला मिळाली. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ४४१७ ला 'दूषित डेटा' असा शेरा मारून यादीतून काढून टाकलं. मूळ टेप मी कधी लावून पाहिली नाही. त्याची मला गरज नव्हती.

आठ वर्षांनी परदेशातल्या एका गटाने अवकाशातल्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा ग्रह जाहीर केला. नऊ दिवस दोन तास. नेपच्यूनपेक्षा थोडा मोठा. त्याचं वस्तुमान त्यांनी मोजलं होतं, वातावरणात पाण्याची वाफ असल्याचंही दाखवलं होतं. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या आणि गट माझ्याकडे आला होता. एक विद्यार्थी धावत केबिनमध्ये आला.

"मॅडम, हा तारा आपल्या जुन्या यादीत होता! तुम्ही २०१० मध्ये काढलाय. का काढला?"

"डेटा खराब होता," मी म्हणाले.

दहा दिवसांनी मी सिंदेवाहीला गेले. रंजना तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, एवढं मला कळलं होतं. शिक्षकांच्या खोलीत ती प्रयोगवह्या तपासत बसली होती. केस थोडे पांढरे झाले होते. मला बघून ती उठली, खुर्ची दिली आणि शिपायाला चहा सांगितला.

"बातमी वाचलीस?" मी विचारलं.

"वाचली."

"रंजना, तो दुसरा खड्डा मी टाकला नव्हता."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टेप-रूममधल्या मोरेकाकांनी सही न घेता टेप दिली होती. मूळ डेटात तो तसाच होता. तुमचा चार दिवसांचा नव्हता, नऊ दिवसांचा होता."

"कधी पाहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी. जेवायच्या आधी."

मला चटणी आठवली. "मग बोलली का नाहीस? मॅडमकडे जायचंस, मुलाखतीत सांगायचंस…"

"कोणाला सांगायचं? तुम्ही म्हणाला असता, टेपसुद्धा हिनेच बिघडवली. त्या खोलीत माझं पुन्हा एकदा कोणी ऐकणार होतं का?" ती चिडली नव्हती. वह्यांवर सही करत बोलत होती. "आणि ऐकलं असतं, तरी पुढे आयुष्यभर तुमच्या शेजारी बसून डबा खायचा होता."

"मी आता लिहिते सगळं. संस्थेला, परदेशातल्या त्या गटाला. आधी तुला सापडला होता, मी खोटं बोलले, असं माझ्या सहीने लिहिते."

"नको."

"का नको? तुझा हक्क आहे तो."

"आता मला त्याचं काय करायचंय? तुम्हालाच लोक चांगलं म्हणतील, किती मोठ्या मनाने कबूल केलं म्हणून. तेवढं मी तुम्हाला मिळू देणार नाही."

चहा आला. तिने कप माझ्यासमोर सरकवला. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"गेले. चार वर्षं झाली." तिने सही करणं थांबवलं. "शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचे. त्या दिवशी सगळे हसले, पण एक ताई होती, तिने चहा दिला, चांगलं बोलली, असं येईल त्याला सांगायचे. गावातल्या पोरींना म्हणायचे, पुण्याला जा, तिथे चांगली माणसं असतात."

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार होते, ताई? मग त्यांना कळलं असतं ना, की तीन वर्षं तिथे माझं कोणीच नव्हतं."

तासाची घंटा झाली. तिने वह्यांचा गठ्ठा उचलला, खडू घेतला. "चहा घेऊन जा," म्हणाली, आणि वर्गावर गेली. व्हरांड्यातून मुलींचा "नमस्ते मॅडम" असा गलका ऐकू आला आणि दार लागलं.

परत आल्यावर मी कोणालाही पत्र लिहिलं नाही. ती नको म्हणाली होती, हे कारण मला पुरलं.